अनेक ट्रॅकची टाइमलाइन सांभाळताना: लॉक, सिंक आणि इतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइनवर दोन-तीन ट्रॅक (चित्राचे आणि आवाजाचे एकावर एक रचलेले पट्टे) असतात तोवर सगळं नजरेसमोर असतं. चौथा-पाचवा ट्रॅक आला की एका ठिकाणी मारलेला कट भलत्याच ठिकाणी काहीतरी बिघडवून जातो, आणि ते लक्षात येईपर्यंत अंडू करायची वेळ निघून गेलेली असते. खालची उत्तरं प्रामुख्याने प्रीमिअर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह ही दोन एडिटिंग सॉफ्टवेअर डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

ट्रॅक लॉक केला म्हणजे नेमकं काय होतं?

ट्रॅकच्या डाव्या टोकाला, हेडरमध्ये, कुलपाचं चिन्ह असतं. ते दाबलं की त्या ट्रॅकवरची क्लिप सिलेक्ट होत नाही, सरकत नाही, ट्रिम होत नाही. रेझर (क्लिप कापायचं हत्यार) चालत नाही आणि नवीन क्लिपही तिथे टाकता येत नाही. प्रीमिअरमध्ये लॉक केलेल्या ट्रॅकवर तिरप्या रेघा येतात, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. ट्रॅक लॉक असला तरी चित्र दिसतं, आवाज ऐकू येतो आणि एक्सपोर्टमध्येही सगळं उतरतं.

प्रीमिअरमध्ये शिफ्ट धरून कुलपावर क्लिक केलं की त्या प्रकारचे सगळे ट्रॅक, म्हणजे सगळे व्हिडिओ किंवा सगळे ऑडिओ, एकदम लॉक किंवा अनलॉक होतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. व्हिडिओ ट्रॅक लॉक केला म्हणून त्याच्या जोडीचा ऑडिओ आपोआप लॉक होत नाही. दोन्हींची कुलपं वेगळी, दोन्ही वेगवेगळी लावावी लागतात. नुसता व्हिडिओ लॉक करून खालचा ऑडिओ ओढला तर आवाज एकटाच पुढे-मागे होतो.

मग ज्यावर काम चालू आहे तेवढाच ट्रॅक उघडा ठेवून बाकी सगळे लॉक केले तर?

हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा महागात पडतो.

काम लांबी न बदलणारं असेल, म्हणजे रंग जुळवणं, टायटलचं शुद्धलेखन तपासणं, आवाजाची पातळी खाली-वर करणं, तर खुशाल बाकीचं सगळं लॉक करा. पण कटमुळे टाइमलाइनची लांबी कमी-जास्त होणार असेल, तर लॉक केलेले ट्रॅक जागच्या जागी राहतात आणि उघडा ट्रॅक पुढे-मागे होतो. म्हणजे ज्यांना वाचवायला लॉक केलं, त्यांचाच मेळ बिघडतो.

एक मुलाखत घेऊ. पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर बोलणारी व्यक्ती, दुसऱ्यावर जोडचित्रं (बोलण्यावर दाखवायची पूरक दृश्यं), तिसऱ्यावर नावाच्या पट्ट्या. खाली पहिल्या ऑडिओ ट्रॅकवर कॉलर माइकचा आवाज आणि दुसऱ्यावर संगीत. २ मिनिटं १० सेकंदांवर बोलणाऱ्याला ३ सेकंदांचा खोकला येतो. पहिला व्हिडिओ ट्रॅक सोडून बाकी सगळं लॉक आहे. खोकल्याचा तुकडा रिपल डिलीट केला, म्हणजे तुकडा काढून मोकळी जागाही मिटवली. व्हिडिओ ३ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने ७५ फ्रेम, डावीकडे आला. आवाज तिथेच राहिला, पट्ट्या तिथेच, जोडचित्रंही तिथेच. २:१० च्या आधीचं सगळं ठीक आणि पुढचा संपूर्ण व्हिडिओ बेसूर. कट मारल्यावर आपण साधारण पाच-दहा सेकंदच मागे-पुढे पाहतो, आणि नेमका तिथे एखादा जोडचित्राचा तुकडा चेहरा झाकून बसला असेल तर काही म्हणजे काही कळत नाही.

म्हणून कुलूप लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं: या कामाने लांबी बदलणार आहे का? बदलणार असेल तर लॉकपेक्षा सिंक लॉककडे बघा.

सिंक लॉक आणि ट्रॅक लॉक यांत फरक काय?

ट्रॅक लॉक सांगतं की या ट्रॅकला हात लावायचा नाही. सिंक लॉक सांगतं की दुसरीकडे जागा सरकली तर या ट्रॅकनेही सोबत सरकायचं. एक अडवतं, दुसरं बांधून ठेवतं. दोघांच्या नावात लॉक असल्याने गोंधळ होणारच.

प्रीमिअरमध्ये सिंक लॉकचं चिन्ह त्याच हेडरमध्ये असतं आणि ते मुळात चालू असतं. इन्सर्ट (मधे जागा करून क्लिप घालणं), रिपल डिलीट, रिपल ट्रिम, एक्स्ट्रॅक्ट अशी लांबी बदलणारी कामं केली की सिंक लॉक चालू असलेले सगळे ट्रॅक त्या प्रमाणात हलतात. ओव्हरराइट (आधीच्या क्लिपवर नवी बसवणं) आणि लिफ्टने (तुकडा काढून जागा रिकामी ठेवणं) लांबी बदलतच नाही, त्यामुळे तिथे सिंक लॉकचा संबंध येत नाही.

दोन्ही एकदम चालू असतील तर ट्रॅक लॉक जिंकतं. कुलूप लावलेला ट्रॅक सिंक लॉक असूनही सरकत नाही. वरच्या मुलाखतीचा घोळ याच नियमामुळे झाला.

एव्हिड मीडिया कंपोझरमध्येही सिंक लॉक आहे. मालिका, चित्रपट अशा लांबलचक कामात तिथले एडिटर ते सगळ्या ट्रॅकवर चालू ठेवूनच बसतात.

मधे एक शॉट इन्सर्ट केला आणि पार्श्वसंगीत त्याच जागी तुटलं. असं का?

सिंक लॉकने आपलं काम चोख केलं म्हणून. २ मिनिटांवर ४ सेकंदांचा शॉट इन्सर्ट केला की सिंक लॉक असलेल्या प्रत्येक ट्रॅकवर तिथे ४ सेकंदांची जागा करावी लागते. संगीताची क्लिप त्या बिंदूवरून सलग जात असेल तर ती तिथे चिरली जाते, अर्धी मागे राहते, अर्धी पुढे सरकते आणि मधे ४ सेकंद शांतता. नावाच्या पट्टीचंही तेच होतं. पट्टी एकदा दिसते, गायब होते, पुन्हा दिसते.

उपाय सोपा आहे. इन्सर्ट करण्यापूर्वी फक्त संगीताच्या ट्रॅकचं सिंक लॉक काढा, किंवा त्या ट्रॅकला कुलूप लावा. संगीत सलग वाजतं आणि बाकीचे ट्रॅक सोबत सरकतात. शॉट टाकून झाला की सिंक लॉक परत चालू करायचं.

मात्र संगीत जागेवर राहिलं म्हणजे त्यातले ठोके आता वेगळ्या चित्रांवर पडणार. चित्रं तालावर कापली असतील तर त्या बिंदूपुढचा सगळा ताल ४ सेकंदांनी हुकला. तिथे दोनच मार्ग उरतात: संगीताची लांबी त्याच्या मात्रांच्या हिशेबाने वाढवायची, नाहीतर पुढचे कट पुन्हा बसवायचे. म्हणून तालावर कापलेल्या कामात संगीत सगळ्यात आधी पक्कं करावं, आणि एकदा पक्कं झालं की त्या ट्रॅकला लावलेलं कुलूप शेवटपर्यंत काढू नये. सगळ्यात निर्धास्तपणे कुलूप लावावं असा ट्रॅक मला विचाराल तर हाच.

क्लिप भलत्याच ट्रॅकवर जाऊन पडते. कशामुळे?

प्रीमिअरच्या हेडरमध्ये व्ही१, ए१ अशा निळ्या खुणांच्या दोन रांगा असतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात. डावीकडची रांग सोर्स पॅचिंगची: सोर्स मॉनिटरमधली (मूळ क्लिप पाहायच्या खिडकीतली) क्लिप इन्सर्ट किंवा ओव्हरराइट केली तर ती कुठल्या ट्रॅकवर उतरेल, हे ती ठरवते. उजवीकडची रांग ट्रॅक टार्गेटिंगची. पेस्ट केलेली क्लिप कुठे जाईल, बाण दाबल्यावर प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू जागा दाखवणारी रेघ) कुठल्या ट्रॅकच्या कटवर थांबेल, हे तिच्या हाती.

की-बोर्डवरून स्वल्पविराम दाबून इन्सर्ट केलं आणि क्लिप चुकीच्या जागी गेली, तर डावी रांग तपासा. पेस्ट चुकलं तर उजवी. फक्त चित्र हवं असेल आणि आवाज नको, तर डाव्या रांगेतली ऑडिओची खूण विझवा, म्हणजे खालच्या आवाजाला धक्काच लागत नाही.

रिझॉल्व्हमध्ये या डाव्या रांगेचं काम केशरी डेस्टिनेशन खुणा करतात.

पेस्ट केल्यावर आधीची क्लिप पुसली गेली.

साधं पेस्ट हे प्रीमिअरमध्ये ओव्हरराइट असतं. प्लेहेड जिथे आहे तिथून, टार्गेट असलेल्या ट्रॅकवर, खालचं जे असेल त्यावर नवीन क्लिप बसते. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबलं तर पेस्ट इन्सर्ट होतं, म्हणजे जागा करून घेतली जाते. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. माउसने क्लिप ओढून दुसरीवर सोडली तरी खालची तेवढ्यापुरती खाल्ली जाते, हे माहीत असूनही सगळ्यांच्या हातून होतं. क्लिप एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर आधी वर एक रिकामा ट्रॅक तयार करून तिथे ठेवा, मग निवांतपणे खाली उतरवा.

रिझॉल्व्हमधलं ऑटो सिलेक्ट म्हणजे काय? आणि वरच्या पट्टीत आणखी एक कुलूप दिसतं ते कशाचं?

ऑटो सिलेक्ट हे प्रत्येक ट्रॅकच्या हेडरवरचं एक बटण आहे. इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून केलेली कामं, कॉपी-पेस्ट आणि रिपल यांत तो ट्रॅक सामील होणार की नाही, हे त्यावर ठरतं. प्रीमिअरवरून आलेल्या माणसाने ढोबळमानाने ते टार्गेटिंग आणि सिंक लॉक यांचं मिश्रण समजावं. संगीताच्या ट्रॅकचं ऑटो सिलेक्ट बंद केलं की रिपलमध्ये तो हलत नाही.

टूलबारमधलं कुलूप मात्र फार कामाचं आणि फार दुर्लक्षित आहे. त्याचं नाव पोझिशन लॉक. ते दाबलं की टाइमलाइनवरच्या क्लिप जागच्या हलत नाहीत, पण त्यांचा रंग, आकार, इफेक्ट हे सगळं बदलता येतं. कट पक्का झाल्यावर रंगकामाला बसताना हेच हवं असतं. ट्रॅकचं कुलूप लावलं तर क्लिपला इफेक्टसाठीही हात लावता येत नाही, आणि काही न लावलं तर इफेक्ट ओढताना क्लिपच दोन फ्रेम सरकते.

ट्रॅकचा डोळा बंद केला किंवा म्यूट केला तर तो सुरक्षित राहतो का?

अजिबात नाही. डोळा बंद केल्याने ट्रॅक दिसेनासा होतो, एवढंच. त्यावरच्या क्लिप रिपलमध्ये सरकतात, इन्सर्टमध्ये चिरल्या जातात, सगळं सिलेक्ट करून डिलीट दाबलं तर जातातही. न दिसणाऱ्या ट्रॅकवर झालेलं नुकसान सगळ्यात उशिरा कळतं. म्हणून पर्यायी शॉट लपवून ठेवायचे असतील तर डोळा बंद करण्यापूर्वी विचार करा की ते मूळ चित्रासोबत सरकायला हवेत की जागेवर राहायला हवेत, आणि त्याप्रमाणे सिंक लॉक किंवा कुलूप लावा.

ओठ आणि आवाज एक-दोन फ्रेमने चुकले तर कोणाला कळतं?

आवाज उशिरा आला तर बराच वेळ चालून जातं, लवकर आला तर पटकन खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की फरक जाणवू लागतो, मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन फ्रेम लवकर आला की पकडले गेलात, आणि तीन फ्रेम उशिरा आला तर कदाचित निभावेल.

यामागे सवय आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटरवर उभ्या माणसाचे शब्द ओठ हलल्यावर दशांश सेकंदाने पोहोचतात. उशिराचा आवाज आपल्याला जन्मापासून माहीत आहे. चित्राआधी येणारा आवाज निसर्गात नसतोच.

सिंक कुठे बिघडलं हे कसं शोधायचं आणि दुरुस्त कसं करायचं?

व्हिडिओ आणि ऑडिओ लिंक असतील तर प्रीमिअर आणि एव्हिड दोन्ही क्लिपवर लाल आकडा दाखवतात: किती सरकलं आणि कोणत्या दिशेला. डावीकडून उजवीकडे बघत जा. जिथे पहिला लाल आकडा दिसतो, त्याच्या लगेच आधी चूक झालेली आहे. पुढच्या सगळ्या क्लिपवर तोच आकडा असेल तर चूक एकच आहे, घाबरायचं कारण नाही. आकडे बदलत असतील तर चुका अनेक, मग जुन्या प्रतीकडे वळणं स्वस्त पडतं.

एकाच क्लिपपुरतं असेल तर प्रीमिअरमध्ये लाल आकड्यावर राइट क्लिक करा. दोन पर्याय येतात. मूव्ह इंटू सिंकने क्लिप टाइमलाइनवर सरकते. स्लिप इंटू सिंकने क्लिप जागेवरच राहते आणि तिच्या आतला मजकूर सरकतो. आजूबाजूला जागा नसेल तर दुसरा पर्याय बरा.

पुढचं सगळंच सरकलेलं असेल तर ट्रॅक सिलेक्ट फॉरवर्ड टूल घ्या, शॉर्टकट ए. शिफ्ट धरून क्लिक केलं की फक्त त्या एका ट्रॅकवरच्या पुढच्या सगळ्या क्लिप सिलेक्ट होतात. लाल आकडा ३ सेकंदांचा असेल तर बरोबर तेवढंच सरकवा. अंदाजाने ओढू नका. वरच्या उदाहरणात आवाज, पट्ट्या आणि जोडचित्रं असे तीन ट्रॅक सरकवावे लागतील. त्यांतल्या पट्ट्या आणि जोडचित्रांवर लाल आकडा येतच नाही, कारण ती कुणाशी लिंक नसतात. ती डोळ्यांनीच तपासायची.

आणि लिंक तोडून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. लिंक तुटली की लाल आकडाही गेला, म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकली.

किती ट्रॅक असावेत? कोणता वर, कोणता खाली?

व्हिडिओमध्ये क्रमाला अर्थ आहे, कारण वरचं चित्र खालच्याला झाकतं. म्हणून मुख्य चित्र तळाला, त्यावर जोडचित्रं, मग ग्राफिक, नावं आणि सगळ्यात वर लोगो. ऑडिओमध्ये क्रमाने काही बदलत नाही. सगळे ट्रॅक एकत्र मिसळतात. तिथला क्रम फक्त आपल्या सोयीसाठी, पण ती सोय मोठी असते.

ऑडिओ ट्रॅक कामाप्रमाणे वेगळे ठेवा: संवाद, परिसराचा आवाज, इफेक्ट, संगीत. एका ट्रॅकवर एकच जातीचा आवाज. मग संपूर्ण संवाद थोडा वर घ्यायचा असेल तर एकच फेडर हलवावा लागतो. कॅमेऱ्याच्या माइकचा कच्चा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि म्यूट करा. तो कॉलर माइकसोबत चालू राहिला, तर दोघांतल्या काही मिलिसेकंदांच्या फरकाने आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो आणि माणूस तासभर इक्वलायझर फिरवत बसतो.

संख्येबद्दल म्हणाल तर जेवढे नावानिशी सांगता येतील तेवढे. नाव सुचत नसेल तर तो ट्रॅक बहुधा नको आहे. तीन कॅमेऱ्यांचं चित्रण एकावर एक रचण्यापेक्षा मल्टिकॅम क्लिप करा, तीन ट्रॅकचा एक होतो. रिकामे ट्रॅक डिलीट ट्रॅक्समधून एकदम काढता येतात.

नावं, रंग, उंची यांची खरंच गरज आहे का?

आहे. नाव दिलेल्या ट्रॅकला चुकून हात लावणं अवघड जातं. ज्यावर काम नाही तो ट्रॅक बुटका करून ठेवा, चालू ट्रॅक उंच.

अॅडजस्टमेंट लेअरचा ट्रॅक लॉक करावा का?

लांबी बदलणारं काम संपल्यावर. आधी नाही.

अॅडजस्टमेंट लेअर खालच्या सगळ्या ट्रॅकवर परिणाम करतो. रात्रीच्या प्रसंगावर निळसर छटा देणारा लेअर लॉक करून आधीच्या प्रसंगातले २ सेकंद काढले, तर खालची चित्रं सरकतात आणि निळी छटा तिथेच राहते. रात्रीची सुरुवात बिनरंगाची दिसते आणि पुढच्या सकाळचे पहिले २ सेकंद निळे. घाईत पाहताना हे निसटतं. ट्रॅक मॅट (दुसऱ्या ट्रॅकच्या आकाराने चित्र कापणारा इफेक्ट), ब्लर, सबटायटल यांचंही असंच: जे दुसऱ्या ट्रॅकच्या आधाराने उभं आहे ते त्या ट्रॅकसोबतच हलायला हवं.

नेस्ट किंवा कंपाउंड क्लिप केल्याने संरक्षण मिळतं का?

काही प्रमाणात चांगलंच मिळतं. पाच ट्रॅकचं सुरुवातीचं शीर्षक एका क्लिपमध्ये गुंडाळलं की त्याचे आतले संबंध बाहेरच्या रिपलने बिघडत नाहीत. पण गुंडाळलेली वस्तू उघडून आत बदल केला तर तो बदल बाहेर सगळीकडे उमटतो, बाहेरचा ट्रॅक लॉक असला तरीही. तेच नेस्ट तीन भागांत वापरलं असेल तर तिन्ही बदलतात. फक्त एका ठिकाणी बदल हवा असेल तर आधी त्या नेस्टची प्रत करा.

फायनल कट प्रोमध्ये ट्रॅक लॉक सापडत नाही.

कारण तिथे ट्रॅकच नाहीत. २०११ साली आलेल्या नव्या आवृत्तीत ॲपलने ट्रॅक काढून चुंबकीय टाइमलाइन आणली. मधे मुख्य कथारेषा, तिला जोडलेल्या क्लिप वर-खाली. मुख्य क्लिप हलली की जोडलेल्या तिच्यासोबत हलतात, म्हणजे सिंक लॉक जणू कायमच चालू. मुख्य क्लिप हलवायची पण जोडलेल्या जागेवर ठेवायच्या असतील तर एस्केपच्या खालची, उलट्या अवतरणाची कळ दाबून धरा. ट्रॅकच्या नावांचं काम तिथे ‘रोल’ नावाची सोय करते: संवाद, इफेक्ट, संगीत असे शिक्के प्रत्येक क्लिपला लावता येतात आणि निर्यात करताना त्याप्रमाणे वेगळे काढता येतात.

मोफत सॉफ्टवेअर आणि मोबाइल ॲपमध्ये काय सोय आहे?

केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्ये हेडरवर कुलूप आहे. ओपनशॉटमध्ये ट्रॅकच्या नावावर राइट क्लिक करून लॉक मिळतं. केडेनलाइव्हची एक गोष्ट मला फार आवडते. नेहमीच्या मोडमध्ये एक क्लिप दुसरीवर टाकताच येत नाही, त्यासाठी ओव्हरराइट किंवा इन्सर्ट मोड मुद्दाम निवडावा लागतो. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगलं संरक्षण नाही. शॉटकटमध्ये रिपलची दोन बटणं आहेत, एक चालू ट्रॅकपुरतं आणि एक सगळ्या ट्रॅकसाठी. दुसरं बंद असताना रिपल केलं तर वरच्या मुलाखतीची कथा पुन्हा घडते.

मोबाइलवर बहुतेक ॲप एक मुख्य पट्टी आणि तिला चिकटलेले लेअर याच पद्धतीने चालतात. काइनमास्टरमध्ये लेअरला पिन करता येतं, म्हणजे मुख्य पट्टीत कापाकापी झाली तरी तो ठरलेल्या वेळेवरच राहतो. कोपऱ्यातल्या लोगोला पिन करा. संवादावर बेतलेल्या मजकुराला करू नका.

दोघंजण एकाच प्रोजेक्टवर काम करत असतील तर?

ट्रॅकचं कुलूप तिथे उपयोगाचं नाही, ते कोणीही उघडू शकतं. त्यासाठी वरच्या पातळीवरची कुलपं असतात. एव्हिडमध्ये एकाने बिन (क्लिप ठेवायचं फोल्डर) उघडला की दुसऱ्याला तो फक्त पाहता येतो. प्रीमिअरच्या प्रॉडक्शन्समध्ये हेच प्रोजेक्ट फाइलच्या पातळीवर होतं, आणि रिझॉल्व्हच्या सामायिक कामात बिन व टाइमलाइन लॉक होतात. ही सोय नसेल तर सिक्वेन्सची (म्हणजे त्या टाइमलाइनची) प्रत देऊन कामं वाटून घ्या. एकच सिक्वेन्स दोघांनी आलटून-पालटून उघडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

लॉक असूनही काय वाचत नाही?

पूर्ण सिक्वेन्स डिलीट झाला तर. मूळ फाइल डिस्कवरून हलवली किंवा तिचं नाव बदललं तर. प्रोजेक्ट फाइल बिघडली तर. कुलूप टाइमलाइनवरच्या हाताच्या चुका थांबवतं, त्यापलीकडे त्याचं काही चालत नाही.

त्यामुळे मोठा बदल करण्याआधी सिक्वेन्सची प्रत काढा आणि जुनी एका वेगळ्या बिनमध्ये ठेवा. सिक्वेन्सची प्रत म्हणजे फुटेजची प्रत नव्हे, त्यामुळे डिस्कवर जागा जवळपास लागत नाही. नावात तारीख आणि कारण लिहा: ‘मुलाखत ०३ खोकला काढण्याआधी’ हे ‘मुलाखत फायनल नवी फायनल’पेक्षा सहा महिन्यांनीही कळतं. ऑटोसेव्ह चालू आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहा, आणि त्याच्या प्रती प्रोजेक्टपेक्षा वेगळ्या डिस्कवर जातील असं बघा. डिस्क गेली तर दोन्ही एकदम जायला नकोत.

साउंडवाल्याला टाइमलाइन देताना ट्रॅकचं काय करायचं?

आधी चित्र पक्कं करा. त्यानंतर एक फ्रेमही बदलायची नाही असं ठरलं की मग सगळे व्हिडिओ ट्रॅक लॉक करायची हीच वेळ. ऑडिओ ट्रॅक जातीप्रमाणे लावून घ्या, म्यूट करून ठेवलेला कचरा प्रतीतून काढून टाका, आणि एएएफ (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची फाइल) काढताना प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना काही सेकंद जास्तीचा आवाज द्या, म्हणजे त्यांना फेड लावायला जागा मिळते. त्याच कामासाठी ओएमएफ फाइल मागितली तर फाइल २ जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही हे लक्षात ठेवा. लांब कामासाठी एएएफच बरं.

व्हिडिओ पुढे दुसऱ्या भाषेत डब होण्याची शक्यता असेल तर संवाद एकीकडे आणि संगीत-इफेक्ट दुसरीकडे असे वेगळे मिक्स आत्ताच काढून ठेवा. संवाद संगीतात मिसळून एकच फाइल उरली असेल, तर डबिंगसाठी पार्श्वध्वनी पुन्हा बांधावा लागतो.

एक्सपोर्टआधी ट्रॅकच्या बाबतीत काय तपासावं?

डोळे आणि म्यूट. काम करताना बंद केलेला ट्रॅक तसाच राहिला तर तो फाइलमध्ये येणार नाही. कुठे सोलो (बाकीचे आवाज बंद करणारं बटण) दाबलेलं राहिलंय का तेही पाहा. मग टाइमलाइन पूर्ण झूम आउट करून शेवटाकडे जा. शेवटच्या क्लिपच्या बऱ्याच पुढे एखादा एक-दोन फ्रेमचा चुकार तुकडा पडलेला असतो, बहुतेकदा सगळ्यात वरच्या नाहीतर सगळ्यात खालच्या ट्रॅकवर, आणि त्याच्यामुळे ८ मिनिटांच्या व्हिडिओला मागे ४ मिनिटांचा काळा पडदा जोडला जातो.